पार्सलावरचे तिकीट

नाशिकरोडच्या स्थानकात लांब पल्ल्याची गाडी येऊन थांबली, की फलाटाच्या एका टोकाला वेगळीच धावपळ सुरू होते. प्रवासी आपापले डबे शोधू लागतात. परंतु त्या टोकाला माणसांपेक्षा वस्तूंचीच गर्दी अधिक असते. गोणपाटात शिवलेले गठ्ठे, खिळे ठोकून बंद केलेली खोकी, सुतळीने आवळलेल्या करंड्या, असा नाना आकारांचा माल हातगाड्यांवरून येतो आणि गाडी सुटण्याच्या आत पार्सलच्या डब्यात चढविला जातो. हमालाला आतील वस्तूशी कर्तव्य नसते. गठ्ठा कोठून निघाला आणि कोठे उतरवावयाचा, एवढेच तो बाहेरच्या ठळक अक्षरांवरून पाहतो.

प्रवाशाजवळ तिकीट असते आणि तपासनीसाने विचारले, तर तो ते दाखवितो. पार्सलाला बोलता येत नाही. मग त्याचे भाडे भरले आहे की नाही, हे वाटेतल्या कर्मचाऱ्याने कसे ओळखावे? रेल्वे सुरू झाली तेव्हा हा प्रश्न सर्वच देशांपुढे उभा राहिला. आपल्याकडे मुख्यतः पावतीची पद्धत रूढ झाली. पार्सल कचेरीतील कारकून मालाचे वजन करतो, नगांची संख्या मोजतो, भाडे घेतो आणि पावती लिहून देतो. त्याच पावतीचा क्रमांक गठ्ठ्यावरही घातला जातो. व्यापारी लोक त्या पावतीला ‘बिल्टी’ म्हणतात. युरोपातील काही देशांत मात्र दुसरी युक्ती निघाली. टपालाच्या पाकिटावर जसे तिकीट चिकटवितात, तसे पार्सलावर किंवा त्याच्या कागदावर रेल्वेचे स्वतःचे तिकीट चिकटवावयाचे. तिकीट दिसले, की भाडे मिळाले असे समजावयाचे. या साध्या सोयीतून पुढे जगभरातील संग्राहकांचा एक छंद निर्माण झाला.

इंग्लंडमध्ये रेल्वे सरकारी मालकीची नव्हती. लहानमोठ्या अनेक कंपन्यांनी आपापले लोहमार्ग बांधले होते. पत्रे वाहून नेण्याचा हक्क तेथील टपाल खात्याने आपल्या हाती ठेवला होता. परंतु गठ्ठे आणि वर्तमानपत्रे यांना ते बंधन नव्हते. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथील रेल्वे कंपन्या वर्तमानपत्रांसाठी आणि पार्सलांसाठी स्वतःची तिकिटे छापू लागल्या. त्यांत राजाचे किंवा राणीचे चित्र क्वचितच दिसे. कंपनीचे नाव, भाड्याची रक्कम आणि कित्येकदा एक अनुक्रमांक, एवढाच मजकूर, नक्षीकामही बेताचेच. आज कोणी ती पाहिली, तर दुकानातील चिठ्ठी म्हणून बाजूला सारण्याचाच संभव अधिक!

ब्रिटिश टपाल खात्याने स्वतःचे पार्सल टपाल सुरू केले ते १ ऑगस्ट १८८३ रोजी. रेल्वेवाचून ते चालणे शक्य नव्हते. म्हणून असा करार झाला, की जी टपाल-पार्सले रेल्वेने जातील, त्यांच्या उत्पन्नातील शेकडा ५५ भाग रेल्वे कंपन्यांना मिळावा. निम्म्याहून अधिक वाटा कंपन्यांनी पदरात पाडून घेतला, यावरून त्या काळी रेल्वेचे बळ किती होते ते ध्यानात येते.

पुढे १ फेब्रुवारी १८९१ पासून पत्रांच्या बाबतीतही एक सवलत मिळाली. एखादे पत्र फारच निकडीचे असेल, तर ते थेट रेल्वे स्थानकावर नेऊन द्यावे. पुढच्याच गाडीने ते रवाना होईल. मात्र त्यासाठी नेहमीच्या टपाल तिकिटाखेरीज दोन पेन्सांचे रेल्वेचे तिकीटही लावावे लागे. अशा पाकिटावर दोन तिकिटे शेजारी शेजारी दिसतात: एक सरकारचे, दुसरे कंपनीचे. दोघांनी मिळून एकच पत्र पोचविल्याचा तो पुरावा होय. ती दोन तिकिटे एकमेकांपासून वेगळी केली, तर पुरावाही नाहीसा होतो. ही गोष्ट पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

बेल्जममध्ये परिस्थिती निराळी होती. तेथे रेल्वेचा पुष्कळसा कारभार सरकारच पाहत असे. १८७९ मध्ये बेल्जमच्या सरकारी रेल्वेने खास पार्सलांसाठी तिकिटे काढली आणि ती प्रथा पुढे अनेक दशके टिकली. पुढच्या काळातील कित्येक तिकिटांवर पंख फुटलेले चाक दिसते. वेगाने धावणाऱ्या गाडीचे ते बोधचिन्ह होते. देश लहान असला, तरी रेल्वेच्या पार्सल-तिकिटांचा विषय निघाला, की संग्राहक प्रथम बेल्जमचेच नाव घेतात. तेथील पार्सल तिकिटांची नोंद टपाल तिकिटांच्या प्रसिद्ध सूचीतही असते. इंग्लंडमधील खासगी कंपन्यांच्या तिकिटांच्या वाट्याला हा मान सहसा आला नाही. ती जमविणाऱ्यांना आपल्या याद्या स्वतःच तयार कराव्या लागल्या.

अशी तिकिटे पुष्कळ छापली गेली, तरी मागे उरली थोडीच. याचे कारण समजण्यास कठीण नाही. प्रेमाने लिहिलेले पत्र माणूस पेटीत जपून ठेवतो. पण पार्सलावरचा कागद कोण जपून ठेवणार? पार्सल घरी आले, की सर्वांचे लक्ष आतील वस्तूकडे. सुतळी कापली, कागद टराटरा फाडला आणि तो चुलीत तरी गेला किंवा केराच्या टोपलीत तरी. शिवाय हा कागद प्रवासात घासला जाई, भिजे, हमालांच्या हाताखाली मळून जाई. म्हणून यांपैकी एखादे तिकीट स्थानकाच्या शिक्क्यासह, मूळ कागदाच्या तुकड्यावर तसेच चिकटलेले मिळाले, तर संग्राहकाला मोठे घबाड हाती लागल्यासारखे वाटते.

टपाल तिकिटांच्या इतिहासातही याचे एक उदाहरण आहे. १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात आशिया खंडातील पहिली टपाल तिकिटे निघाली. ‘सिंध डाक’ या नावाने ती ओळखली जातात. त्यांतील तांबड्या रंगाचे तिकीट लाखेसारख्या ठिसूळ पदार्थावर ठसा उमटवून केलेले होते. हाताळताना ते तडकून त्याचे तुकडे पडत. ते बंद करावे लागले आणि पांढऱ्या व निळ्या रंगांची तिकिटे काढावी लागली. आज त्या तांबड्या तिकिटाचा अखंड नमुना अत्यंत दुर्मीळ आहे.

इंग्लंडमधील तिकिटांच्या नाशाला आणखी एक कारण घडले. ज्या कंपन्यांची नावे त्यांवर होती, त्या कंपन्याच उरल्या नाहीत. १९२३ च्या आरंभी तेथील शंभराहून अधिक कंपन्यांच्या चार मोठ्या कंपन्या करण्यात आल्या आणि १ जानेवारी १९४८ रोजी त्याही सरकारच्या ताब्यात गेल्या. अनेक लहान कंपन्यांचे मार्ग, इंजिने, पाट्या सारे बदलून गेले. एखाद्या कंपनीचे नाव आज दीड इंच कागदावर तेवढे वाचावयास मिळते.

आपल्याकडेही असेच घडले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी आणि ३४ किलोमीटरांचा प्रवास. ती गाडी ग्रेट इंडियन पेनिनशुला रेल्वे या कंपनीची होती. लोक तिला आद्याक्षरांवरून ‘जी. आय. पी.’ म्हणत. पुढे कसाऱ्याच्या पलीकडे थळ घाट आडवा आला. बोगदे खोदून आणि दऱ्यांवर पूल बांधून १८६५ मध्ये तो घाट गाडीसाठी खुला झाला, तेव्हा मुंबई आणि नाशिक लोहमार्गाने जोडली गेली. दर ३७ फुटांमागे एक फूट असा तो चढ इतका खडा आहे, की गाडीला मागून जादा इंजिने लावण्याची पद्धत पडली. १९२५ मध्ये जी. आय. पी. रेल्वेचा कारभार सरकारने हाती घेतला आणि १९५१ मध्ये तिचे रूपांतर मध्य रेल्वेत झाले. तेव्हापासून ‘जी. आय. पी.’ ही अक्षरे जुन्या कागदांवर, जुन्या रुळांवर आणि वृद्ध माणसांच्या बोलण्यातच काय ती शिल्लक राहिली.

नाशिकचे रेल्वे स्थानक गावापासून काही मैल दूर होते. गावात पोचण्यासाठी एके काळी घोड्यांची ट्राम होती. पुढे तीही बंद पडली. या दूरच्या स्थानकाभोवती नाशिकरोड ही निराळी वस्ती वाढली आणि तिच्या वाट्याला एक अपूर्व मान आला. १९२५ मध्ये तेथे सरकारी मुद्रणालय स्थापन झाले आणि १९२६ पासून भारताची टपाल तिकिटे तेथे छापली जाऊ लागली. त्याचे आजचे नाव भारत प्रतिभूती मुद्रणालय असे आहे. नाशिकरोडला मात्र नुसते ‘प्रेस’ म्हटले, तरी सर्वांना समजते.

त्यापूर्वी भारताची तिकिटे कोठे तयार होत असत? १८५४ मधील पहिली अखिल भारतीय तिकिटे कलकत्त्यास शिळाछापावर छापली गेली. त्यानंतर सुमारे ७० वर्षे हे काम लंडनमधील डी ला रू या कंपनीकडे होते. भारतातील माणसाने भारतातील माणसाला पाठविलेल्या पत्रावरचे तिकीटही समुद्र ओलांडून येत असे! नाशिकरोडच्या मुद्रणालयामुळे हे परावलंबन संपले.

लंडनचे तिकीट कोणते आणि नाशिकचे कोणते, हे ओळखण्याची एक गंमतीदार खूण आहे. पाचव्या जॉर्ज बादशहाच्या तिकिटांवर दोन्हींकडचे चित्र जवळजवळ सारखेच आहे; परंतु कागद निराळा आहे. कागद तयार होत असतानाच त्यात एक पुसट आकृती उमटविलेली असते. तिला जलचिन्ह म्हणतात. लंडनच्या तिकिटाच्या कागदात एकच मोठा तारा असतो. नाशिकच्या तिकिटाच्या कागदात लहान लहान तारे दाट पसरलेले असतात. तिकीट उलटे करून उजेडासमोर धरले, तर पुष्कळदा हे तारे दिसतात. ही तिकिटे फार दुर्मीळ नाहीत. आजोबांच्या जुन्या पत्रव्यवहारात अशी दोन तिकिटे सापडली आणि एकात एक तारा व दुसऱ्यात अनेक तारे दिसले, तर छपाईचे काम लंडनहून नाशिकला आल्याची हकिकत त्या दोन कागदांनीच सांगितली असे होते.

नाशिकरोडच्या मुद्रणालयाने रेल्वेलाही विसरले नाही. १९३७ मध्ये निघालेल्या मालिकेत टपाल वाहून नेण्याची साधने दाखविली होती. दोन आण्यांच्या तिकिटावर घुंगरांची काठी घेऊन धावणारा डाकेचा हरकारा, अडीच आण्यांवर बैलगाडी, तीन आण्यांवर टांगा, साडेतीन आण्यांवर उंट, चार आण्यांवर डाकगाडी, आणि त्यापुढे आगबोट, मोटारलॉरी व विमान. तिकिटाची किंमत वाढत जाते, तसतसा वाहनाचा वेगही बहुधा वाढत जातो. उंट तेवढा टांग्याच्या पुढे कसा गेला, याचा विचार वाचकांनीच करावा. १६ एप्रिल १९५३ रोजी भारतीय रेल्वेच्या शताब्दीनिमित्त दोन आण्यांचे काळ्या रंगाचे तिकीट निघाले. त्यावर १८५३ चे आणि १९५३ चे अशी दोन इंजिने आहेत. १९७६ मध्ये चार इंजिनांची चार तिकिटे निघाली, त्यांत जी. आय. पी. चे १८५३ मधील इंजिनही होते.

तिकिटावरील चित्र कागदाचे असते. शिक्का मात्र खऱ्या गाडीत मारलेला असू शकतो. १८६३ मध्ये अलाहाबाद आणि कानपूर यांच्या दरम्यान धावत्या गाडीतच पत्रांची वाटणी करण्यास आरंभ झाला. याच व्यवस्थेला १९०७ पासून रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजे आर. एम. एस., असे नाव मिळाले. हलत्या डब्यात उभे राहून, दिव्याच्या उजेडात पत्ते वाचून, त्या त्या गावाच्या खणात पत्र टाकावयाचे, हे काम सोपे नव्हते. पुढचे स्थानक येण्याच्या आत त्या गावची थैली बांधून तयार हवी! कोणाचे पत्र ऐन वेळी टाकावयाचे राहिले, तर थोडे जादा पैसे भरून ते गाडीच्या डाकडब्यातच टाकता येत असे. अशा पत्रांवरच्या शिक्क्यात गावाऐवजी मार्गाचे अक्षर व क्रमांक असतो. गाडी जातानाची की येतानाची, हेही कधी कधी त्यात लिहिलेले असते. पत्र कोणत्या गावी टाकले हे त्यावरून नक्की कळत नाही. पण कोणत्या गाडीने ते नेले हे कळते.

नवा संग्राहक नेमकी येथेच चूक करतो. तिकिटे जमविण्याच्या पुस्तकांत एक सोपी रीत दिलेली असते: पाकिटाचा तुकडा कोमट पाण्यात टाकावा, डिंक विरघळला की तिकीट अलगद सुटते, मग ते टिपकागदावर वाळवून वहीत लावावे. साध्या, नेहमीच्या तिकिटांसाठी ही रीत ठीक आहे. परंतु रेल्वेच्या कागदांवर ती वापरली, तर एका क्षणात सारे नष्ट होते. पार्सल कचेरीतील मंडळी पुष्कळदा रबरी शिक्क्याऐवजी पेन्सिलीनेच तिकिटावर स्थानकाचे नाव किंवा तारीख लिहून ते रद्द करीत. त्या काळी कारकुनांच्या हाती कॉपिंग पेन्सिल असे. तिची अक्षरे कोरडी असताना करडी दिसतात आणि पाण्याचा थेंब पडताच जांभळी होऊन पसरतात. रबरी शिक्क्याची जांभळी शाईही पाण्यात उतरते. काही तिकिटांची शाई तर मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरण्याची लबाडी कोणी करू नये, हा त्यात हेतू. बशीतील पाणी जांभळे झाले, की स्थानकाचे नावही गेले आणि तारीखही गेली. हाती उरतो तो स्वच्छ, सुंदर आणि मुका कागद.

म्हणून जाणते संग्राहक रेल्वेचे तिकीट कागदापासून सोडवीत नाहीत. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर पडलेला असतो. दोन्ही अर्धे एकत्र राहिले, तरच तो वाचता येतो. पाकीट पूर्ण असेल, तर ते पूर्णच ठेवावे. पार्सलाचा कागद फार मोठा असेल, तर तिकीट, शिक्का, पत्ता आणि स्थानकाची चिठ्ठी ही सर्व येतील एवढा भाग चारही बाजूंना मोकळी जागा सोडून कापून घ्यावा. तो गोंदाने वहीत चिकटवू नये; कागदी कोपऱ्यांत अडकवून ठेवावा. उचलण्यासाठी बोटांऐवजी चपटा चिमटा वापरावा, कारण बोटांवरील तेलकटपणाचे डाग वर्षांनंतर उमटतात. आणि वहीच्या पानावर, तिकिटाखाली, तो कागद कोणाकडून व केव्हा मिळाला हे लिहून ठेवावे. हे काम कंटाळवाणे वाटते. अनेक जण ते उद्यावर टाकतात. वीस वर्षांनी ते उद्या उजाडते, तेव्हा सांगणारी माणसे उरलेली नसतात.

नाशिकच्या मुलाला बेल्जमचे १८७९ मधील तिकीट लगेच मिळेल असे नाही. पण घराच्या माळ्यावर जुन्या ट्रंकेत काय काय असते! आजोबांची नोकरी भुसावळला असताना आलेल्या सामानाची रेल्वे पावती, लाखेची मोहोर असलेला गोणपाटाचा तुकडा, आर. एम. एस. चा पुसट शिक्का असलेले पोस्टकार्ड. भिंग घेऊन बसले, की त्यांतील अक्षरे हळूहळू लागतात. न लागलेले अक्षर एखाद्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याला दाखवावे. ज्या शिक्क्याचा अर्थ शोधण्यात दोन दिवस गेले, तो त्याने स्वतःच हजार वेळा मारलेला असण्याचा संभव असतो.

७ ऑगस्ट २०२० रोजी नाशिकजवळच्या देवळाली स्थानकातून फळे आणि भाजीपाला घेऊन एक गाडी बिहारमधील दानापूरकडे निघाली. देशातील ती पहिली किसान रेल्वे होती. सुमारे १५०० किलोमीटरांचा प्रवास करून ती दुसऱ्या दिवशी पोचली. साऱ्या देशात महामारीमुळे प्रवासी गाड्या बहुतांशी थांबलेल्या असताना शेतकऱ्यांचा माल मात्र पार्सल म्हणून त्या गाडीने गेला. त्या खोक्यांवर रेल्वेचे तिकीट नव्हते. सारा व्यवहार पावतीवर चालला. माल विकला गेला, हिशेब पुरा झाला, की पावतीचे काम संपते. त्या पहिल्या दिवसाची एखादी पावती कोणी टाकून दिली नसेल, तर ती आजही देवळालीच्या आसपासच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी, जमाखर्चाच्या वहीत घडी घालून पडलेली असेल.